मेणातला तुकडा

धाकट्या बहिणीच्या गाठीचा तुकडा प्रयोगशाळेत तपासणीला माझ्याच टेबलावर आला. मेणात बसवलेल्या त्या तुकड्याचा मी काप काढायच्या यंत्रावर चाक फिरवून पहिला पातळ काप काढला, आणि बाहेर बाकावर रिपोर्टची वाट बघत बसलेली ती "आई गं!" म्हणून कळवळली.

"काय झालं?" मी धावले.

"काही नाही, ताई. आत कुणीतरी पातं फिरवल्यासारखं वाटलं."

मी दुसरा काप काढला. पुन्हा तीच कळ, तोच आवाज.

मी तिथेच थांबले. दोन्ही काप काचांवर घेऊन रंगवले आणि त्या काचा डॉक्टरांकडे नेल्या.

"यातून काहीच कळत नाही," बराच वेळ पाहून ते म्हणाले. "आणखी खोल कापा."

मी यंत्रापाशी परतले. चाकाला हातही लावला नव्हता.

"ताई," दाराबाहेरून ती हळूच म्हणाली, "आता खोल कापशील तेव्हा माझा हात धर."