पाचवा कप

आमच्या धाकट्या लेकीचं लग्न झालं, त्या वर्षी इथं ऑस्ट्रेलियात, पोर्ट ऑगस्टाला उन्हाळा फार कडक होता. माझ्या बायकोनं, नॉरीननं, अंगणातल्या वाळूत डेझर्ट पीचं रोप लावलं होतं. तिची मूत्रपिंडं थकली होती. त्याची लाल फुलं बघूनच जाईन, म्हणायची.

"अर्नी, त्याला पाणी घालायचं नाही हं! वाळवंटातलं पोर आहे ते, लाडानं मरेल. तुझा कुत्रा नाही का मेला, केक खाऊन खाऊन?"

"नाही घालत, बाई," मी म्हणायचो.

नर्सनं नॉरीनलाही दिवसाला चारच कप पाणी ठरवून दिलं होतं. दुपार झाली की ती पाचवा मागायची.

"अर्धाच दे रे. नर्सला कुठं कळतंय?"

मला राहवायचं नाही. मी कप भरायचो, पण तिच्यापर्यंत न्यायची छाती व्हायची नाही. भरलेला कप हातात घेऊन अंगणात जायचो. तिथं ते रोपही उन्हात मान टाकून बसलेलं असायचं.

रोप मंगळवारी मुळाशी कुजून मेलं. नॉरीन शुक्रवारी गेली, तेवीस फेब्रुवारीला, तहानलेलीच.