फ्रेम केलेली नववी

“बारावीला एक्क्याण्णव टक्के. दहावीला एक्कावन्न.” विभागप्रमुख अनिलकुमार सरांनी दोन्ही गुणपत्रकं शेजारी शेजारी ठेवली. “दोन वर्षांत एवढी उडी? रागावू नकोस बाळ, पण शंका येतेच. नववीचं कुठंय?”

“सापडलं नाही, सर.” श्रीदेवी खाली बघत म्हणाली.

नव्या अभ्यासक्रमाची एकच जागा उरली होती आणि बाहेर बाकावर अजून चौघं बसले होते.

“सापडलं न्हाय कसं?” मागच्या खुर्चीवरून काशम्मा उठलीच. आत एक शब्द बोलायचा नाही, असं लेकीनं रिक्षात तीनदा बजावलं होतं. तिनं पिशवीतलं कडक भाकरीचं पुडकं बाजूला सारलं आणि टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी बाहेर काढलं. “हाय की! तू इसरलीस म्हनून मीच घेतलं.”

“अव्वा, बेडा! नको ना गं!”

तोवर टॉवेल सुटला होता. सोनेरी काठाची फ्रेम, आत नववीचा निकाल.

सरांनी चष्मा सारखा केला. “अडतीस टक्के. मराठीत पस्तीस.” त्यांनी मान वर केली. “आणि याला फ्रेम?”

श्रीदेवीचे कान लाल झाले.

“मंग!” काशम्मा म्हणाली. “सातवीपातूर पोरगी गावाकडं कन्नड शाळेत. हितं आलो तवा तिला मराठीत पानी मागाया येत न्हवतं. पोरी लई हसायच्या. बाई म्हनल्या, नववीला ही नापासच. झाली की पास! गल्लीत पेढे वाटले. देवाशेजारी लावलं.”

सर गालातल्या गालात हसले. “मग बारावीचा निकाल नाही लावलात?”

“त्यात काय येवढं?” काशम्माला प्रश्नच कळला नाही. “तवर तिला समदं येत हुतं की.”

सर पुन्हा एकदा त्या फ्रेमवर वाकले. मग श्रीदेवीकडे वळले.

“बारावीत मराठीला किती?”

“अठ्ठ्याऐंशी, सर.”

“कशी शिकलीस?”

“अव्वाच्या भाकरी दुकानांत पोचवायचे. वाटेत पाट्या वाचायचे. नंतर भाकरी बांधायच्या रद्दीतले पेपर.” ती पहिल्यांदाच हसली. “कधीकधी बातमी अर्धीच असायची. पुढचं मीच जुळवायचे.”

सरांनी तिचा अर्ज ओढला, कोपऱ्यात ‘प्रवेश द्यावा’ असं लिहिलं आणि शिपायाला हाक मारली. “धोंडिराम, फाइलला लावायला या निकालाची झेरॉक्स आणा. फ्रेम खोलू नका.”

पाच मिनिटांनी धोंडिराम डोकं खाजवत परत आला. “सर, मराठीचा आकडा उठंना. काचेवर कुंकू हाय. डोळ्याला दिसतंय, पन कागदावर काळा ठिपका आलाय. पुसून परत काढू का?”

“रोज लावते मी,” काशम्मा हळूच म्हणाली.

“राहू द्या, पुसू नका.”

सरांनी पेन उघडलं, त्या काळ्या ठिपक्याशेजारी ठळक ‘३५’ लिहिलं आणि खाली सही केली.