डालग्याखालची शेवटची

बहात्तरचा दुष्काळ सरला, होटगीचा तलाव भरला आणि हिवाळ्यात त्यावर रानबदकं उतरली. तेव्हापासून नागव्वाच्या कोंबड्या एकेक करून माना टाकू लागल्या. शेवटची उरली ती तिनं अंगणात डालग्याखाली झाकली.

“मानमोडी हाय. न्हाय वाचायची ती,” शेजारचा शरणप्पा म्हणाला.

“वाचवीन की!” म्हणत नागव्वा रोग आणणारी बदकं हाकलायला डबा बडवत तलावावर गेली. बदकं उठली आणि तिच्याच घरावर घिरट्या घालू लागली.

वरून आवाज आला तो बदकांचा नव्हता. पुरलेली प्रत्येक कोंबडी तिनं आवाजावरून ओळखली.

ती धावत आली आणि डालग्याला गच्च मिठी मारून बसली. “हिला न्हाय देणार!”

डालगं तिच्यासकट जमिनीवरून वर उठलं, तरी तिनं मिठी सोडली नाही.