थोरलीचं नाक

"सुटा देत नाय ताई. लक्ष्म्या जोडीनंच जातात," मुखवटेवालीनं तिसऱ्यांदा सांगितलं, आणि सायलीच्या तोंडचं पाणी पळालं.

गुलमंडीवर सकाळपासून तिनं चार दुकानं पालथी घातली होती. कागदी वेण्या, झिरमिळ्या, प्लास्टिकची द्राक्षं, महालक्ष्म्या सजवायचं सगळं काही स्वस्तात मिळत होतं. पण मुखवटे म्हणाल तर नुसत्या चकचकीत बाहुल्या. घरच्या दोघी लक्ष्म्यांतल्या थोरलीसारखं शांत आणि जरासं रुसलेलं तोंड फक्त या पाटीत होतं, आणि ही बाई एकटी थोरली विकायला तयार नव्हती.

घरच्या थोरलीचं नाक आठ दिवसांपूर्वी सायलीच्याच हातून उडालं होतं. माळ्यावरून डबा काढताना निसटला, एवढंच. तिनं नाक गुपचूप चिकटवलं आणि मुखवटा फडक्यात गुंडाळून परत ठेवला. आज सकाळी डबा उघडला, तर नाक पुन्हा सुटून तळाशी पडलेलं. परवा महालक्ष्म्या बसायच्या होत्या. सासूनं, आवडाबाईंनी, चाळीस वर्षं हे मुखवटे जिवापाड जपलेले. आणि सुनेनं दुसऱ्याच वर्षी देवीला नकटी केलेली. आवडाबाई सकाळीच देवळात गेल्या होत्या, म्हणून सासऱ्यांना "शिंप्याकडे जाऊन येते" असं सांगून सायली सटकली होती.

मुखवटेवालीला तिची दया आली असावी. "एक करा. मघा अजून एक बाई येऊन गेल्या, त्यांला बी एकच पायजे. पलीकडं चहा प्यायला टेकल्यात. दोघी मिळून जोडी घ्या, निम्मे निम्मे द्या."

"घेतील त्या?"

"न घ्यायला काय झालं? जोडीचे सातशे म्हणलं तर लगीच व्हय म्हणाल्या, फकस्त निम्म्याला कुणी भेटलं तर बघा म्हणाल्या. घासाघीस काय नाय. हात नुसता थरथरत होता बिचारीचा."

सायलीला तेवढ्यानंही धीर आला. भाव न करणारी बाई या बाजारात असते, याचं तिला नवल वाटलं. आपल्या सासूबाई असत्या तर, असं मनात येईपर्यंत पदरानं तोंड पुसत सासूबाईच समोर येऊन उभ्या राहिल्या.

दोघींची तोंडं सारखीच उतरली.

"आत्या, तुम्ही देवळात गेल्या होत्या ना?"

आवडाबाई मुखवटेवालीच्या स्टुलावर बसल्या. "आता तुझ्यापासून काय लपवू? काल पुसायला म्हणून थोरली हातात घेतली, तर नाकच हातात आलं. दाबलं नाय, आपटलं नाय. हात गेले गं माझे, सायले. ह्यांना सांगू नको."

खरं सांगायचं, तर सायलीला आधी आनंदच झाला. आठ दिवसांचं ओझं कुणीतरी आपण होऊन उचललं होतं, आणि तिनं फक्त गप्प राहायचं होतं. मग तिला काल रात्रीचं जेवण आठवलं. आवडाबाई ताटावरून उठताना म्हणाल्या होत्या, "औंदा मी हात लावत नाय. तूच बसव लक्ष्म्या." सासूनं विश्वासानं सोपवलं, असं समजून ती रात्री नवऱ्यापुढे मिरवलीसुद्धा होती.

आवडाबाईंनी उजवा हात पदराखाली लपवला होता.

"आत्या, नाक तुमच्या हातून नाही निघालं," सायली म्हणाली. "मी फोडलं होतं. डबा पडला माझ्या हातून. मी नुसतं चिकटवून ठेवलं होतं."

"कधी?"

"आठ दिवस झाले."

"म्हंजी मी हात लावला तव्हा ते तुटलेलंच होतं?"

"हो, आत्या."

सायली बोलणी खायला मान खाली घालून उभी राहिली. आवडाबाईंनी पदराखालून हात बाहेर काढला, उलटा केला, सुलटा केला, मूठ वळली आणि उघडली.

"भवाने, रातभर डोळ्याला डोळा नाय माझा," त्या म्हणाल्या. पण त्यांचा चेहरा उजळला होता. मग त्या स्टुलावरून उठल्या आणि पदर खोचून मुखवटेवालीकडे वळल्या. "किती म्हणली जोडी?"

"सातशे. मघा तर तुम्ही व्हय म्हणल्या."

"मघाचं सोड. हे बघ, थोरलीच्या कानामागं रंग उडालाय. चारशे."

मुखवटेवालीनं कपाळाला हात लावला. पुढची दहा मिनिटं तिला फार जड गेली. शेवटी जोडी पाचशेला ठरली आणि वर दोन कागदी वेण्या फुकट द्याव्या लागल्या.

"आणि घरच्या धाकटीचं काय करायचं?" सायलीनं विचारलं.

"तिला देव्हाऱ्यात बसवू. लई वर्षं उभी राहिली."

मुखवटेवालीनं दोन्ही मुखवटे वर्तमानपत्रात गुंडाळून दिले. घ्यायला सायलीनं हात पुढे केले, पण पुडकं आवडाबाईंनी मधेच काढून घेतलं आणि रस्त्यावरच्या गर्दीत पाय टाकला.

"आत्या, द्या ना माझ्याकडे."

"तू रिक्षा बघ," आवडाबाई म्हणाल्या. "माझ्या हातून काय पडत नाय."