प्रवाळांचं तापमान

"चोवीस म्हणजे चोवीस! अर्धा अंशही इकडचा तिकडे होता कामा नये," असं साऱ्या घराला बजावून विद्याधर पोंक्ष्यांनी हॉलमधल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीचं तापमान खाली आणलं. सोमवारी याच सुरात त्यांनी सव्वीस बजावलं होतं, बुधवारी सत्तावीस. व्हॉट्सॲपवर ज्याचा मेसेज शेवटचा, तो त्यांचा तज्ज्ञ. टाकीतली रंगीत प्रवाळं बिचारी पांढरीफटक पडत चालली होती.

"दुकानदाराने रोगट माल गळ्यात मारला," ते करवादले.

दहावीतली त्यांची लेक ऋजुता सॅक भरत होती. "त्यांना चोवीसही चाललं असतं बाबा, सत्तावीसही. रोज बदलताय म्हणून मरतायत ती."

"मला शिकवू नकोस! त्यांच्या भल्यासाठीच जिवाचं रान करतोय ना मी?"

ऋजुताने सॅकची चेन ओढली. हे वाक्य तिला पाठ होतं. दिवाळीपासून तिचे तीन क्लास बदलून झाले होते, कारण पालकांच्या ग्रुपवरही जाणकारांना तोटा नव्हता.

ती सॅक पाठीला लावून दारापाशी पोचली, तोच बाबांचा फोन वाजला. मेसेज वाचता वाचता त्यांचा चेहरा उजळत गेला.

चपला तशाच ठेवून तिने विचारलं, "कुणाचा आहे? प्रवाळांचा, की माझ्या क्लासचा?"