व्हय म्हाराजा कोणी म्हणेना

टण्णकन डब्याचं झाकण फरशीवर पडलं आणि गोल गोल फिरत राहिलं. चार वर्षांची सृष्टी आईच्या, किशोरीच्या ओढणीमागे लपली. एरवी काजूच्या कारखान्यात असला आवाज कुणाच्या कानापर्यंतही गेला नसता. आज सगळ्यांनी ऐकला. दाजींनी गाऱ्हाणं सुरू केलं होतं, आणि समोर उभ्या बायकांपैकी एकीनंही तोंड उघडलं नव्हतं.

हंगामाचा पहिला दिवस. बॉयलर पेटवण्याआधी गावातले दाजी येणार, देवाला हाक मारणार, कारखान्याचं म्हणणं त्याच्यापुढे मांडणार. प्रत्येक ओळीला सगळ्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. मग नारळ फुटायचा. दरवर्षी असंच.

दाजींनी घसा खाकरून पुन्हा सुरुवात केली. "बा देवा म्हाराजा, आज ह्या कारखान्यातली सगळी लेकरां तुज्या पायाकडे इलीत..."

"व्हय म्हाराजा," मालक भाई म्हणाले. त्यांच्यामागून बॉयलरवाला निलेश पुटपुटला. बस्स.

दाजींनी नारळ खाली ठेवला. "दोगांच्या हुंकारान गाऱ्हाणा फुडे जावचा नाय, भाई."

भाईंनी किशोरीकडे पाहिलं. दिवाळीनंतर त्यांनीच तिला मुकादम केलं होतं. इथली पहिली बाई मुकादम. काल संध्याकाळी तिला बाजूला घेऊन ते हळू आवाजात म्हणाले होते, "हवाबीक आणि तिच्या सुनेक सांग, नारळ फुटल्यार भितर येवा म्हणान. माजा काय नाय गो. लोक बोलतत."

हवाबी कारखान्याच्या पहिल्या हंगामापासून या रांगेत उभी राहत आली होती. निरोप घेऊन किशोरी तिच्या घरी गेली, तेव्हा ती परसात बांगडे साफ करत होती. निरोप सांगून झाला. मग किशोरीनं एवढंच विचारलं, "तुज्या मनात काय आसा, मावशे? तुका येवचा आसा?"

हवाबीनं आधी हात धुतले. "येवचा आसा. पण कोणाच्या उपकारान नाय. ज्येनी भायर ठेवल्यानी, तेनीच बोलवूक व्हया."

तिथून किशोरी एकेकीच्या दारात गेली. विमला घाबरली. "मालकाच्या तोंडार बोलूक माका जमाचा नाय गो."

"बोलू नको," किशोरी म्हणाली. "गप रव. तेवढाच करूचा आसा."

आता विमला गप्प होती. सगळ्याच गप्प होत्या. गेटाबाहेर हवाबी आणि तिची सून सनोबर उभ्या होत्या, जेवणाच्या पिशव्या हातात धरून.

"किशोरी, हे काय चाललंय?" रागावले की भाई ऑफिसातलं मराठी बोलत.

"माझी माणसं पुरी नाहीत, भाई," तिनंही तसंच उत्तर दिलं. "दोघी गेटाबाहेर आहेत."

"तुला मुकादम मी केलंय. उद्या काढूही शकतो."

ओढणी मागून खेचली गेली. सृष्टीनं मूठ घट्ट केली होती. मुकादम होती म्हणूनच किशोरीला लेकीला कामावर आणता येत होतं. बाकीच्या बायकांना ती मुभा नव्हती. मुकादमपण गेलं तर ही दिवसभर कुणाकडे राहणार? किशोरीनं तिच्या केसांवर हात ठेवला.

"काढा," ती म्हणाली. "पण बॉयलर आज पेटवूचो आसा मां? मगे तेंका बोलवा. मी बोलवूचंय नाय. तुमी बोलवा. नावान बोलवा."

"विमले, तू तरी म्हण गो!" भाई ओरडले.

विमलानं गळ्याला हात लावला. "माजो घसो बसलो हा, भाई."

"माजोय," मागून कुणीतरी म्हणालं. रांगभर हसू पसरलं.

भाईंनी गेटाकडे नुसता हात केला. हवाबी हलली नाही. दाजी छपराकडे बघत राहिले. शेवटी भाई अनवाणीच खडीवरून गेटापर्यंत गेले.

"हवाबी. सनोबर. भितर येवा."

बायकांनी रांगेत दोघींची जागा मोकळी ठेवलेलीच होती. तिसऱ्यांदा दाजींनी 'बा देवा म्हाराजा' म्हटलं, आणि असा हुंकार आला की छपराचे पत्रे घुमले. त्यात हवाबीचा आवाज सगळ्यांत वरचा.

खोबरं वाटलं गेलं. भाईंनी स्वतः हवाबीच्या हातावर तुकडा ठेवला. "माज्या मनात कायएक नाय होता हां."

"माज्या तर ध्यानातय नाय होता," निलेश म्हणाला.

"माका कोणी इचारूकच नाय," दाजी म्हणाले.

"आमी कदी काय बोललाव?" विमला म्हणाली.

हवाबी खोबरं चावत राहिली.

जाता जाता भाई किशोरीजवळ थांबले. "मुकादमपणाचं उद्या ऑफिसात बोलू."

"बोलू," ती म्हणाली, आणि निलेशला बॉयलर पेटवायची खूण केली.

मग ती खाली बसून लेकीचं खोबऱ्यानं माखलेलं तोंड पुसू लागली. सृष्टीनं मान सोडवून घेतली आणि एकेकाकडे बोट केलं. भाईंकडे, निलेशकडे, दाजींकडे, विमलाकडे.

"आये, हेनी नाय, तेनी नाय, कोणीच नाय," ती म्हणाली. "मगे हवाबीआज्येक भायर कोणी ठेवल्यान?"