कोंडलेला श्वास

रखवालदार इंगवलेने कारखान्यातले दिवे घालवले आणि अंधारात दंडुका चालवायला सुरुवात केली. संपावर बसलेल्या बायकांना काही दिसत नव्हतं. त्याला सगळं दिसत होतं. मालकाने रखवालदारांना डोळ्यांच्या जागी स्फटिकाची पातळ पट्टी बसवून दिली होती, आणि ते स्फटिक याच बायकांनी वाढवलेले होते.

हेमांगीच्या शेजारी बसलेल्या शकुनचा हात कडकन मोडला. ते ऐकून हेमांगीने जवळचा पाना आवाजाच्या रोखाने भिरकावला. पट्टीवरची संरक्षक काच फुटली, पण आतला स्फटिक शाबूत राहिला.

इंगवलेने तिचे केस धरून तिला भिंतीवर आपटलं. पट्टीच्या कडेचा बारीक लाल दिवा तिच्या तोंडासमोर आला.

"हेमा, फुंकर मार," शकुन कण्हत म्हणाली.

पण हेमांगीने श्वास रोखून धरला होता. उघड्या स्फटिकासमोर श्वास सोडायचा नाही, ओल लागली की तो पिवळा पडून आंधळा होतो. इतकी वर्षं पोटासाठी पाळलेला नियम मार खातानाही सुटेना.

"काय गं, दातखीळ बसली?" म्हणत इंगवलेने तिच्या पोटात गुडघा घातला.

कोंडलेला सगळा श्वास एका दणक्यात त्याच्या पट्टीवर गेला. त्याच्या हातून केस सुटले, दंडुकाही पडला.

मोडका हात छातीशी धरून शकुनने भिंतीवरचं दिव्यांचं बटण चाचपून दाबलं. कारखाना लख्ख उजळला. पट्टी हळदीसारखी पिवळी झाली होती.

"दिवे लावा रे कुणीतरी," इंगवले चाचपडत ओरडत होता.

हेमांगीने दंडुका उचलला.